मनाचा आजार आणि सैनिकाचे निवृत्तिवेतन

वैद्यकीय कारणावरून सैन्यातून घरी पाठवलेल्या जवानाला काही महिन्यांनी एक पत्र येते. ते सहसा इंग्रजीत असते आणि त्यातील महत्त्वाचा मजकूर दोन-तीन ओळींतच संपतो. आपले अपंगत्व सैनिकी सेवेमुळे उद्भवलेले नाही व सेवेमुळे बळावलेलेही नाही. सबब अपंगत्व निवृत्तिवेतनाचा आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे. हा निर्णय मान्य नसल्यास सहा महिन्यांच्या आत अपील करावे. सातारा किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या गावी असे पत्र आले म्हणजे ते वाचून घेण्यासाठी शाळेच्या गुरुजींकडे किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे लागते. आजार मनाचा असेल तर पत्र ज्याच्या नावाने आले तो माणूस ते उघडीलच, वाचीलच आणि घरात कोणाला दाखवील, ह्याचीही खात्री नसते. सहा महिन्यांची मुदत मात्र त्याच दिवसापासून चालू झालेली असते.

ह्या पत्रात काय नाकारलेले आहे आणि काय नाकारलेले नाही, हे प्रथम नीट पाहिले पाहिजे. जवान आजारी आहे, हे सरकारला मान्यच असते. आजारी होता म्हणून तर त्याला घरी पाठवले. वाद आहे तो आजार कोठून आला, एवढ्याच मुद्द्याचा. गोळी लागून हात गेलेल्या सैनिकाच्या बाबतीत हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. भ्रम होणे, आवाज ऐकू येणे, महिनोन्‌महिने झोप न लागणे, सहकाऱ्यांविषयी विनाकारण संशय घेणे ह्या गोष्टींची जखम कोठे दाखवायची, असा पेच येथे पडतो.

नियमांच्या भाषेत दोन शब्द निर्णायक आहेत. एक, 'सेवेमुळे उद्भवलेले', आणि दुसरा, 'सेवेमुळे बळावलेले'. दोहोंपैकी कोणतेही एक सिद्ध झाले तरी पुरते. आजाराचे बीज पूर्वीचे असले, परंतु नोकरीतील परिस्थितीने त्याला खतपाणी मिळाले असले, तरी हक्क उत्पन्न होतो. दोन्ही नाकारले गेले की त्या शेऱ्याचे इंग्रजी आद्याक्षरांचे संक्षिप्त रूप 'नाना' असे होते, आणि सैनिकांचे वकील आपसांत 'नाना लागला' असे बोलतात. मराठी कानाला हा शब्द फार घरगुती वाटतो. कागदावर त्याचा परिणाम तसा नसतो.

परिणाम पैशांत सांगायचा तर असा. अपंगत्व निवृत्तिवेतनाचे दोन घटक असतात. सेवेबद्दलचा घटक अखेरच्या वेतनाच्या निम्मा असतो. अपंगत्वाचा घटक शंभर टक्के अपंगत्वासाठी वेतनाच्या ३० टक्के आणि त्याहून कमी अपंगत्वासाठी त्या प्रमाणात धरला जातो. किमान २० टक्के अपंगत्व असावे लागते. त्यातही प्रत्यक्षात ठरलेली टक्केवारी वर उचलण्याची पद्धत १९९६ पासून आहे: ५० पेक्षा कमी असेल तर ५०, पुढे ७५ आणि त्यापुढे १००. ज्याला सेवेतून काढावेच लागले त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिकच मानले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सुखविंदर सिंग प्रकरणात २०१४ मध्ये म्हटले, आणि डिसेंबर २०१४ मधील राम अवतार प्रकरणाने टक्केवारी वाढवण्याचा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही दिला. उलटपक्षी दावा फेटाळला गेला आणि सेवा दहा वर्षांपेक्षा कमी असली, तर दीर्घकाळपर्यंत नियम असा होता की एकरकमी उपदान घ्यायचे आणि गप्प बसायचे. ४ जानेवारी २०१९ रोजी वा त्यानंतर सेवेत असलेल्यांसाठी जुलै २०२० मध्ये सरकारने ही अट शिथिल केली. तत्पूर्वीचे लोक बाहेरच राहिले. हे लोक बहुधा तिशीच्या आतबाहेरचे असतात. त्यांच्या वयाचे इतर माजी सैनिक गुरुग्राम, नोएडा, पुणे येथील कारखान्यांत व वसाहतींत सुरक्षारक्षकाची नोकरी धरतात. मनाच्या आजारावरून काढलेल्या माणसाला ती वाटही जवळजवळ बंद असते.

आता हा निर्णय होतो कसा, ते पाहू. सैन्यात प्रत्येकाची वैद्यकीय श्रेणी पाच बाबींवर ठरते: मनोवस्था, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी. पाच इंग्रजी आद्याक्षरे मिळून 'शेप' हा शब्द होतो, आणि त्यात मनोवस्थेचे अक्षर पहिले आहे. जवानाच्या वागण्यात फरक दिसू लागला की तुकडीचा प्रमुख एक ठरावीक नमुन्याचा अहवाल भरून त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. त्याचे काम कसे आहे, सहकाऱ्यांशी कसा वागतो, दारू पितो काय, घरी काही अडचण आहे काय, इत्यादी माहिती त्यात असते. पुढे रुग्णालयात उपचार होतात, काही काळ खालच्या श्रेणीत ठेवून पाहिले जाते, आणि शेवटी वैद्यकीय मंडळ बसते. मंडळाच्या कागदपत्रांत जवानाचे स्वतःचे निवेदन, कोठकोठे नेमणूक झाली त्याची यादी, तज्ज्ञाचे मत आणि मंडळाची उत्तरे असतात. आजार सेवेत येण्यापूर्वी होता काय? सेवेमुळे उद्भवला काय? बळावला काय? आणि प्रत्येक उत्तरामागील कारण कोणते? ह्या शेवटच्या प्रश्नासाठी छापील नमुन्यात थोडीशी जागा सोडलेली असते. वाचकाला सांगितले पाहिजे की पुढची पंधरा-वीस वर्षे चालणारा सगळा वाद बहुतेक वेळा ह्या थोड्याशा जागेत काय लिहिले आहे, किंवा काय लिहिलेले नाही, ह्यावर चालतो.

तेथे पुष्कळदा एकच शब्द आढळतो: 'कॉन्स्टिट्यूशनल'. अनुवादकाला ह्या शब्दाने थोडे अडवले, हे कबूल करावयास हवे. कायद्याच्या पुस्तकात तो आला की हात आपोआप 'घटनात्मक' असे लिहू लागतो. येथे त्याचा अर्थ 'प्रकृतिगत', म्हणजे माणसाच्या मूळ घडणीतच असलेला, असा आहे. देहस्वभावाचा दोष म्हटले की नोकरीचा संबंध तुटतो. परंतु 'प्रकृतिगत' हे कारण झाले, की केवळ एक नाव? माणसाच्या घडणीत काही कच्चेपणा होता हे मान्य केले, तरी तो इतकी वर्षे निजून का राहिला आणि नेमका ह्याच नोकरीत का जागा झाला, ह्याचे उत्तर त्या शब्दात नाही.

हाच प्रश्न युरोपात पहिल्या महायुद्धात उभा राहिला होता. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स ह्या डॉक्टराने 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. खंदकांतून परतलेल्या त्या शिपायांच्या बाबतीत तोफगोळ्याचा दोष किती आणि स्वभावाचा किती, ह्यावर डॉक्टरांत तट पडले. वादाचा निकाल वैद्यकशास्त्राने लावला नाही. ब्रिटनमध्ये तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका निराळ्याच बाजूने लागला: १९४३ च्या तरतुदींनी सिद्धतेची जबाबदारी शिपायाच्या खांद्यावरून काढली आणि वाजवी संशयाचा फायदा त्याला द्यावा असे ठरवले. १९४७ मधील मिलर प्रकरणात न्यायमूर्ती डेनिंग ह्यांनी हा 'वाजवी संशय' म्हणजे काय ह्याचे केलेले विवेचन आजही उद्धृत केले जाते. आजाराचे मूळ निश्चित सांगता येत नसेल, तर त्या अनिश्चिततेचा तोटा कोणी सोसायचा, असा प्रश्न विचारला की तो वैद्यकाचा न राहता न्यायाचा होतो.

भारताचे नियम ह्याच वळणाचे आहेत. १९८२ च्या हक्कविषयक नियमांत तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या होत्या. भरतीच्या वेळी कागदावर कोणताही दोष नोंदवलेला नसेल तर जवान शरीराने व मनाने धडधाकट होता असे गृहीत धरावे. वैद्यकीय कारणावरून काढल्यास त्याच्या प्रकृतीतील बिघाड सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे. आणि हक्काच्या अटी सिद्ध करण्याचे ओझे दावेदारावर टाकू नये. संशयाचा फायदा त्याला द्यावा, प्रत्यक्ष युद्धक्षेत्रातील सेवेबाबत तर अधिक उदारपणे द्यावा. त्याच नियमांच्या परिशिष्टात, ताण व श्रम ह्यांचा परिणाम होणाऱ्या रोगांच्या यादीत, मनोविकृती व मज्जाविकृती ह्यांची नावे आरंभीच होती. परंतु एक पळवाटही होती. भरतीच्या तपासणीत हा रोग ओळखताच आला नसता असे वैद्यकीय मत असेल, आणि त्याची कारणे दिलेली असतील, तर पहिले गृहीतक लागू होत नाही. मनाच्या आजाराची सारी लढाई ह्या पळवाटेच्या तोंडाशी चालते. डॉक्टराने भरतीच्या दिवशी नाडी, डोळे, छाती पाहिली. पुढे चार वर्षांनी उद्भवणारा भ्रम त्याला दिसणार कसा, हा सरकारचा युक्तिवाद निराधार म्हणता येत नाही.

दावा फेटाळल्यानंतरच्या पायऱ्या अशा. पहिले अपील सेना मुख्यालयातील समितीपुढे आणि दुसरे संरक्षण मंत्रालयाच्या पातळीवरील समितीपुढे करावयाचे. दोन्ही समित्यांचे काम दिल्लीत चालते. जवानाला तेथे बोलावले जाईलच असे नाही, कागद बोलतात. म्हणून ह्या अपिलात 'माझ्यावर अन्याय झाला' एवढेच लिहून पाठवणे व्यर्थ आहे. मंडळाच्या कागदपत्रांची प्रत प्रथम मागवावी. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आल्यापासून हे पुष्कळ सोपे झाले आहे. मग कारणाच्या रकान्यात काय आहे ते पाहून त्यालाच उत्तर द्यावे: भरतीच्या वेळची तपासणी निर्दोष होती, पहिली लक्षणे अमुक ठाण्यावर, अमुक महिन्यांत दिसली, तत्पूर्वी इतके महिने अतिउंच प्रदेशात, बंडखोरीविरोधी कारवाईत किंवा एकाकी चौकीवर काढले, कुटुंबात कोणाला हा आजार नाही. 'आजार शांत ठाण्यावर उद्भवला' हे मंडळाचे आवडते कारण आहे. तेथेही रात्रपाळी, रजेची अडवणूक आणि वरिष्ठांचा धाक असतो, आणि पूर्वीच्या नेमणुकीचा ताण बदलीच्या हुकुमाबरोबर नाहीसा होत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मधुमेहाच्या एका प्रकरणात हेच म्हटले की शांत ठाण्याचा नुसता उल्लेख म्हणजे कारण नव्हे.

'घरगुती अडचणी' हा शेरा आणखी फसवा आहे. जवान तपासणीच्या वेळी मोकळेपणाने सांगतो की बायकोचे व आईचे पटत नाही, जमिनीचा तंटा आहे, आणि तेच वाक्य आजाराचे कारण म्हणून कागदावर येते. शेजारच्या गावी शिक्षक असलेला माणूस तोच तंटा शनिवारी घरी जाऊन मिटवतो. दोन हजार किलोमीटरवर पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो मिटवता येत नाही, हाच सेवेचा ताण होय, असा युक्तिवाद करता येतो आणि तो करावा.

दोन्ही अपिले फेटाळली गेली, किंवा सहा महिने उलटूनही उत्तर आले नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा दरवाजा उघडतो. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि ८ ऑगस्ट २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मुख्य पीठ नवी दिल्लीत रामकृष्ण पुरम येथे आहे, आणि महाराष्ट्रातील माजी सैनिकासाठी मुंबईचे पीठ आहे. प्रत्येक खंडपीठात एक न्यायिक सदस्य आणि सैन्यातून निवृत्त झालेला एक प्रशासकीय सदस्य असतो. वकील देता येतो. स्वतःही बाजू मांडता येते. सदस्यांच्या जागा रिकाम्या राहिल्याने काही पीठे दीर्घकाळ बंद पडल्याचे प्रकार घडले आहेत. न्यायाधिकरणाच्या निर्णयावर सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट अरुंद आहे. परंतु परशोत्तम दास प्रकरणात मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांचे अधिकार अबाधित असल्याचे सांगितले. केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल इत्यादींच्या जवानांना मात्र हे न्यायाधिकरण नाही. त्यांना उच्च न्यायालयातच जावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका ह्या प्रश्नावर सरळ रेषेत गेलेली नाही. केशर सिंग (२००७) आणि ए. व्ही. दामोदरन (२००९) ही दोन्ही प्रकरणे छिन्नमनस्कतेची, म्हणजे स्किझोफ्रेनियाची होती. दोन्हींत वैद्यकीय मंडळाच्या मताला प्राधान्य देऊन दावे नाकारण्यात आले. दामोदरन तोवर हयात नव्हते. त्यांच्या वारसांनी प्रकरण चालवले होते. मग २ जुलै २०१३ रोजी एकाच दिवशी दोन निर्णय आले. धरमवीर सिंग प्रकरणात, जे अपस्माराचे होते, न्यायालयाने १९८२ च्या नियमांतील गृहीतके एकेक करून उलगडली आणि सांगितले की भरतीच्या वेळी नोंद नसेल व मंडळाने कारणे दिली नसतील तर निवृत्तिवेतन दिलेच पाहिजे. वीरपाल सिंग प्रकरण छिन्नमनस्कतेचे होते आणि जवानाला सत्तरच्या दशकात काढलेले होते. तेथे न्यायालयाने वैद्यकीय ग्रंथ उघडून पाहिले, मंडळाचे मत म्हणजे वेदवाक्य नव्हे असा निष्कर्ष काढला आणि त्या वृद्ध माणसाची नव्या मंडळाकडून फेरतपासणी करण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०१५ च्या राजबीर सिंग निर्णयाने हीच दिशा पक्की केली.

पण ऑक्टोबर २०१९ मध्ये नरसिंग यादव प्रकरणात वारे पुन्हा फिरले. २००३ मध्ये भरती होऊन २००७ मध्ये काढलेल्या ह्या जवानालाही छिन्नमनस्कताच होती. मनाचे आजार आरंभी अधूनमधून डोके वर काढतात, भरतीच्या वेळी ते निसटू शकतात. म्हणून केवळ नोंद नव्हती एवढ्यावरून हक्क मिळत नाही, मंडळाचे मत खोडायला सबळ वैद्यकीय पुरावा लागतो, असे न्यायालयाने म्हटले व अपील फेटाळले. तेव्हापासून सरकारी वकील हा निर्णय पुढे करतात आणि अर्जदाराचे वकील धरमवीर सिंग. मे २०२५ मध्ये राजूमोन प्रकरणात न्यायालयाने छिन्नमनस्कतेच्याच एका जवानाला ५० टक्क्यांचे अपंगत्व निवृत्तिवेतन दिले, कारण त्याला काढताना मंडळाने आपल्या मताची कारणेच लिहिली नव्हती. हे निर्णय परस्परविरोधी दिसतात, आणि काही अंशी आहेतही. तथापि मंडळाने कारण लिहिले नसेल तर अर्जदाराची बाजू भक्कम असते; लिहिले असेल तर त्याला दुसऱ्या तज्ज्ञाचे मत आणावे लागते. आम्हाला विचाराल तर २०१९ चा निर्णय पुराव्याचे ओझे पुन्हा त्याच खांद्यावर ठेवतो, जो ते पेलण्यास सर्वांत असमर्थ आहे.

शिवाय कोणते नियम लागू होतील हे सेवा सोडण्याच्या तारखेवर अवलंबून असते. २००८ पासूनच्या नियमांत पूर्वीच्या गृहीतकांची भाषा बदलली, आणि सेवा सोडून १५ वर्षे उलटल्यावर दावा केला तर सिद्धतेची जबाबदारी दावेदारावर येते अशी तरतूद आली. २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवा सोडणाऱ्यांसाठी आणखी नवे नियम आहेत. जुने निर्णय जुन्या नियमांवर दिलेले आहेत, हे अर्ज लिहिताना विसरता कामा नये.

उशीर झाला म्हणून सगळेच संपत नाही. तरसेम सिंग १९८३ मध्ये सेवेतून बाहेर पडला आणि सोळा वर्षांनी, १९९९ मध्ये, न्यायालयात गेला. निवृत्तिवेतन दर महिन्याला मिळायचे असते, म्हणून ते नाकारण्याची चूकही दर महिन्याला नव्याने घडत असते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्याच्या प्रकरणात मान्य केले. थकबाकी मात्र अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. सोळापैकी तेरा वर्षे गेली ती गेलीच.

उशिराचा खरा धोका कागदांचा आहे. निवृत्तिवेतन न मिळालेल्या जवानाचे सेवाविषयक कागद २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. ज्याला निवृत्तिवेतन मिळते त्याचे कागद त्याहून पुष्कळ अधिक काळ जपले जातात. म्हणजे ज्याचा दावा फेटाळला गेला, त्याचाच पुरावा आधी जाळला जातो. न्यायाधिकरणापुढे मग 'मंडळाचे कागद उपलब्ध नाहीत' एवढेच उत्तर येते, आणि कारणाच्या त्या रकान्यात काय लिहिले होते हे कधीच कळत नाही. म्हणून जवान ज्या दिवशी घरी येतो त्याच दिवशी त्याच्या ट्रंकेतील रुग्णालयाचा घरी सोडतानाचा कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, बदल्यांचे हुकूम आणि त्याने आजाराच्या दिवसांत घरी लिहिलेली पत्रे बायकोने किंवा भावाने वेगळी काढून ठेवावीत. ती पत्रे तारखांसकट असतात. लक्षणे केव्हा सुरू झाली हे पुष्कळदा त्यांतूनच सिद्ध होते.